खरखरीत बाजूचं शहर

मुक्ताबाई साळवेशी भांडायला जाणारा माणूस घाईत असून चालत नाही. मुकुंदवाडी स्टेशनाच्या मागच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा आवाज चढत नाही, हातवारे नाहीत, शिव्या तर नाहीतच. ती ओट्यावर बसते, एक वाक्य बोलते आणि गप्प होते. समोरच्याला वाटतं, झालं, मिटलं. तो पाठ फिरवतो तोच मागून दुसरं वाक्य येतं, आणि ते पहिल्यापेक्षा धारदार असतं. नळाच्या पाण्यावरून शेजारणीशी धरलेला अबोला तिनं नऊ वर्षं चालवला. शेजारीण मेली, तेव्हा मुक्ताबाई सगळ्यांच्या आधी तिथं गेली, तिला न्हाऊ घातलं, आणि घरी येऊन म्हणाली, "पाण्याच्या बाबतीत मातर तिचंच चुकलं व्हतं."

तिचा नवरा कचरू साळवे पेंटर होता. अर्ध्या शहराच्या दुकानांवरच्या पाट्या एकेकाळी त्याच्या हातच्या होत्या. शाळांच्या भिंती, ट्रकांचे फाळके, जयंतीचे फलक, दवाखान्यांवरचे बाण, सगळं त्यानं रंगवलं. लोक त्याला उस्ताद म्हणायचे. पण उस्तादाचं एक गुपित होतं, आणि ते त्याच्या घरातच राबत होतं. कचरू रेघ मारायचा, काळं भरायची ती मुक्ताबाई. लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती. पहिल्याच महिन्यात नवऱ्यानं तिच्या हातात ब्रश दिला आणि सांगितलं, "ह्या रेघंच्या आत भर. बाहेर गेलीस तर जेवायला देणार नाय." जेवण तिनंच शिजवलेलं होतं, म्हणून ती हसली. पण ब्रश रेघेच्या बाहेर गेला नाही. पस्तीस वर्षांत कधीच गेला नाही.

काळं भरणं म्हणजे काय, हे ज्यानं भरलं नाही त्याला सांगून कळत नाही. त्याला वाटतं, डबा उघडला, ब्रश बुडवला, फासलं. पण काळ्यालाही अंग असतं. एका दिशेनं ओढलं तर ते सपाट बसतं, रात्रीच्या विहिरीसारखं. दोन दिशांनी ओढलं तर उन्हात त्याच्यावर चट्टे उठतात. आणि कड, म्हणजे जिथं काळं संपतं आणि पांढरं सुरू होतं ती जागा, तिथं श्वास धरावा लागतो. मुक्ताबाईची कड पाहून माणसं कचरूला विचारायची, "उस्ताद, पट्टी लावून मारली का?" उस्ताद मान हलवायचा. खरं कधी सांगितलं नाही त्यानं. तिनंही कधी म्हटलं नाही की सांग.

वीस वर्षांपूर्वी स्टेशनाजवळच्या एका लॉजवाल्यानं कचरूला चाळीस फुटांची भिंत दिली. सगळं जुनं शहर एका नजरेत दिसलं पाहिजे, आणि तेही नुसतं काळ्या-पांढऱ्यात, अशी त्याची हौस. कचरू चार रविवार गोगाबाबा टेकडीवर जाऊन बसला. मांडीवर फळी, फळीवर कागद. दुपारी मुक्ताबाई भाकरी घेऊन टेकडी चढायची. तो जेवायचा तोवर ती शहर बघायची. डाव्या हाताला, दिवस उगवतो त्या अंगाला, दिल्ली दरवाजा आणि त्याच्या पलीकडं झाडी. मधोमध मकबरा, चार मिनारांत बसलेला, ऊन चढलं की दुधासारखा. उजव्या हाताला पाणचक्की, पुढं भडकल दरवाजाची कमान. आणि ह्या सगळ्यांच्या आसपास मशिदींची टोकं, देवळांचे कळस, पाण्याच्या टाक्या, पत्र्याची घरं. कचरू म्हणायचा, "पत्र्याची घरं बी काढतो. ती बी शहरातच राहतात."

त्या भिंतीसाठी त्यानं आठ कागदांचा खाका केला. पातळ बटर पेपरवर चित्र काढायचं, मग त्याच्या रेघारेघांवर सुईनं बारीक भोकं पाडायची. तो कागद भिंतीला चिकटवून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची. भोकांतून भुकटी उतरते, भिंतीवर ठिपक्यांचं चित्र उमटतं. कागद पुन्हा वापरता येतो, दहा वेळा, वीस वेळा. भोकं पाडण्याचं काम अर्थातच मुक्ताबाईचं. गोधडीवर कागद अंथरून ती दुपारभर टोचत बसायची.

आता इथं एक बारीक गोष्ट आहे, आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. बाकी पेंटर कागदाच्या पुढच्या बाजूनं सुई टोचतात. मग पुढची बाजू गुळगुळीत राहते आणि मागची खरखरीत होते. मुक्ताबाई कागद पालथा घालून मागून टोचायची. हाताला घाम यायचा, पुढून टोचलं तर पेन्सिल पुसली जायची, एवढंच कारण. कागद पातळ, रेघ मागूनही दिसायची. त्यामुळं तिच्या खाक्याची खरखरीत बाजू ती पुढची बाजू. हे तिला माहीत होतं आणि कचरूला माहीत होतं. तिसऱ्या कुणी कधी विचारलं नाही.

लॉज पुढं पाडलं गेलं, भिंत गेली. आठ कागद पत्र्याच्या पेटीत राहिले. कोळशानं दोन्ही बाजूंनी काळे झालेले, पेन्सिल केव्हाच नाहीशी झालेली.

दोन वर्षांपूर्वी कचरू गेला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, लोक जेवून उठले, आणि खुर्च्या उचलायच्या आत त्याचा पुतण्या राजकुमार पेटीपाशी उभा राहिला.

"काकू, हे खाके मी घेऊन जातो."

"कशाला?"

"कशाला म्हंजी? काकांचा हात पुढं चालवायला नको? तुला काय करायचेत ते?"

राजकुमार दोन वर्षं कचरूच्या हाताखाली होता, तेही शिडी धरायला आणि अक्षरं गिरवायला. मग त्यानं फ्लेक्सचं दुकान टाकलं. वाढदिवसाच्या फलकावर तोंडं गोरी करून देण्यात त्याचा हात धरणारा मुकुंदवाडीत कोणी नाही. मुक्ताबाई ओट्यावर बसली होती, पांढऱ्या लुगड्यात, नवरा जाऊन पुरते पंधरा दिवस झाले नव्हते. तिला पहिलं वाक्य सापडलं नाही. आयुष्यात एकदाच सापडलं नाही. पेटी गेली.

वाक्य तिला तिसऱ्या दिवशी सापडलं. ती राजकुमारच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "खाका तुझ्या काकाचा नाय. भोकं माझी हायेत."

राजकुमार संगणकावरची नजर न काढता म्हणाला, "भोकांचा हक्क असतो व्हय, काकू?" दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. त्या दिवसापासून मुक्ताबाईनं त्याचं नाव घेणं सोडलं. घरात विषय निघाला तर ती त्याला "भोकांचा वारसदार" म्हणायची.

यंदा शेंद्र्याला साहेबराव पाटलांनी मंगल कार्यालय बांधलं. जमिनीला कारखाने लागले तसा पाटलांचा हात सैल झाला होता. जेवणाच्या दालनात चाळीस फुटांची एक कोरी भिंत होती आणि त्यांच्या सुनेनं, श्रेयानं, मोबाईलवर कुठल्या तरी मोठ्या हॉटेलातलं काळं-पांढरं चित्र पाहिलं होतं. आपल्या शहराचं तसंच पाहिजे, असं तिनं सांगितलं. ही बातमी मुक्ताबाईची मुलगी निशा घेऊन आली. ती शेंद्र्याच्या कंपनीत मालाची तपासणी करते, जाता-येता कार्यालय बघते.

मुक्ताबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि गेली. ती भिंत तिला पाहिजे होती. आयुष्यात कुठली वस्तू तिनं एवढी मागितली नव्हती. भिंतीवर खाली कोपऱ्यात पेंटर आपलं नाव टाकतो, तशी रीतच आहे. त्या कोपऱ्यात पस्तीस वर्षं 'कचरू आर्ट' लागलं, आणि ती अक्षरंही तिनंच भरली. एकदा तरी तिथं 'मुक्ताबाई' यावं, एवढं तिच्या मनात होतं.

पाटील ओसरीत खुर्चीवर बसले होते. दोघं-तिघं बसलेले कपबशीतून चहा पीत होते. मुक्ताबाईला कागदी पेला आला.

"बाई, कचरू उस्ताद मोठा माणूस," पाटील म्हणाले. "पण तो गेला. तू काय करतीस?"

"काळं भरते."

"काळं तर आमचा गडी बी भरंल. चित्तर कोण काढंल?"

"मी काढीन."

"आजपतुर काढलंय का एक तरी?"

तिनं खोटं बोलायला पाहिजे होतं. तिला ते जमलं नाही. "नाय काढलं," ती म्हणाली. "पण शहर माझं बघितलेलं हाय."

"शहर तर माझ्या म्हशीनं बी बघितलंय," बसलेल्यांतला एक म्हणाला. कपबशा हसल्या. मुक्ताबाईनं कागदी पेला न पिता खाली ठेवला, नीट, सांडू न देता, आणि निघाली. दाराशी वळून म्हणाली, "म्हशीला इचारा मग, मकबऱ्याला मिनार किती." आणि गेली.

काम राजकुमारला मिळालं. आठ कागद घेऊन तो गेला, सुनेनं मान डोलावली, ठरलं. आठवड्यानं तो मुक्ताबाईच्या ओट्यासमोर येऊन उभा राहिला, गॉगल डोक्यावर चढवून.

"काकू, भराईला येतीस का? रोजावर. माझी पोरं रोलर मारतात, कड कुणाला येत नाय."

मुक्ताबाई तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "भोकांचा हक्क नाय म्हणालास. काळ्याचा हाय व्हय?"

"जुनं कशाला काढतीस? यायचं तर ये. नायतर छत्तीसजण हायेत."

"छत्तीसजण असते तर तू इथं आला नसतास."

तिनं तांदळातला खडा काढून त्याच्या बुटापाशी टाकला. "नाव कुणाचं टाकणार?"

"दुकानाचं. राज आर्ट."

"येते," मुक्ताबाई म्हणाली. का म्हणाली, ते तिलाही त्या घटकेला सांगता आलं नसतं. भिंतीला हात तरी लागंल, एवढंच असावं.

पहिल्या सकाळी ती दालनात शिरली तेव्हा ठिपके उमटवून झाले होते. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर कोळशाचं शहर, धुक्यातनं वर येत असल्यासारखं. कचरूच्या हाताची रेघ तिनं लांबूनच ओळखली. मग तिची नजर डाव्या टोकाला गेली. तिथं भडकलची कमान होती. तिच्यापुढं पाणचक्की. मधे मकबरा. आणि उजव्या हाताला, जिथं दिवस मावळायला पाहिजे तिथं, दिल्ली दरवाजा.

सगळं शहर उलटं होतं. आरशात बघावं तसं.

खाली कागद गुंडाळून पडले होते. तिनं एकावरून बोट फिरवलं आणि तिला सगळं कळलं. राजकुमारनं चाचपून गुळगुळीत बाजू पुढची धरली होती. बाकी सगळे पेंटर धरतात तशीच. इमारतीला काय, ती उलटी झाली तरी इमारतच दिसते. अक्षर असतं तर कळलं असतं. कागदाच्या कडा एकमेकींना जुळल्या, छपराला छप्पर लागलं, त्याला वाटलं झालं.

"काय बघतीस, काकू?" राजकुमार शिडीवरून म्हणाला. "काकांची याद आली काय?"

एक वाक्य पुरलं असतं. ठिपके फडक्यानं पुसले जातात, तासाभराचं काम. वाक्य तिच्या जिभेवर येऊन बसलंही होतं. तिनं ते गिळलं.

"भिंत लई मोठी हाय," ती म्हणाली, आणि तिनं डबा उघडला.

त्या दिवशी घरी येताना सहा आसनी रिक्षात ती कितीतरी वर्षांनी गुणगुणत होती. तिच्या मनात सगळं आखून झालं होतं. उद्घाटनाला शहरातली माणसं येतील. दिल्ली दरवाजापाशी जन्मलेला कुणीतरी म्हातारा भिंतीसमोर उभा राहील आणि चारचौघांत म्हणेल, अरे हे तर उलटं आहे. माणसं हसतील. पाटलांचं तोंड पडेल. राज आर्टची अब्रू भर मांडवात जाईल. मग पाटील विचारतील, सरळ कुणाला येतं? तेव्हा ती पुढं होईल. भिंतीला चुना फासला जाईल आणि भिंत तिची होईल. तिनं फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं तिच्याइतकं कुणाला येत नव्हतं.

पंधरा दिवस ती भरत राहिली. वाईट भरावं, असं तिच्या मनात एकदा आलं. तिनं पाणचक्कीच्या भिंतीवर दोन ओढी मुद्दाम वाकड्या मारल्या. जेवायला बसली, घास गिळेना, उठून त्या सरळ केल्या. हाताला राग कळत नव्हता. हाताला फक्त कड कळत होती. भडकलच्या कमानीखालचा अंधार तिनं असा भरला की गवंड्यांची पोरं तिथं हात लावून बघायची, आत जाता येतंय का म्हणून. पत्र्याची घरं भरताना एकेका पत्र्यावर उन्हाची केसाएवढी रेघ सोडली. मकबऱ्यापाशी तिला तीन दिवस लागले. तो एकटाच त्या भिंतीवर खोटा नव्हता. दोन्ही अंगांनी सारखा, उलटा केला तरी सरळच. तिथं तिनं मागचं आभाळ काळं केलं आणि मकबरा नुसता कोरा ठेवला. एका सकाळी श्रेया बघायला आली आणि बोलता बोलता थांबली. खाली बघून ब्रश धुणाऱ्या बाईकडं तिचं लक्ष गेलं नाही. ती राजकुमारला म्हणाली, "दादा, तुमच्या हातात जादू आहे." राजकुमारनं मान लववली.

पाचव्या की सहाव्या दिवशी तिनं निशाला सांगितलं. निशा भाकरी थापत होती, थापतच ऐकलं.

"मग सांगून टाक की, माय."

"सांगायला मी त्याची मास्तरीण हाय का?"

"बाबाचं चित्र हाय ते."

"बाबाचं असतं तर बाबाचं नाव असतं."

"आणि तुझं काळं?" निशा म्हणाली. "आमच्याकडं माल चुकला अन् तपासणाऱ्यानं बघूनबी पुढं ढकलला, तर त्याला पयल्यांदा काढतात. करणाऱ्याला मागनं."

"तुझी कंपनी तुझ्यापाशी ठेव."

"तू त्याच्यापेक्षा वाईट हायेस, माय. त्याला तर माहीत नाय."

मायलेकी त्या रात्री पाठमोऱ्या जेवल्या. दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई वेळेआधी कामावर गेली. सांगायला गेली असं निशाला वाटलं. ती दिल्ली दरवाजा भरायला गेली होती.

उद्घाटनाच्या दिवशी मुक्ताबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती गेली. पाण्याच्या जारांपाशी उभी राहिली, तिथून सगळी भिंत दिसत होती. कोपऱ्यात 'राज आर्ट' आणि मोबाईल नंबर. माणसं येत गेली, शंभर, दोनशे. भिंतीपुढं उभी राहून फोटो काढत गेली. बायका मकबऱ्याला पाठ लावून उभ्या राहिल्या, पोरांनी दरवाज्यांपुढं बोटं नाचवली. "ते बघ आपलं दिल्ली गेट," एकानं बायकोला दाखवलं. बायकोनं बघितलं. कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही.

मग एक म्हातारा आला. शेरवानी घातलेला, पांढरी दाढी, हातात काठी, शहरातला जुना माणूस बघताच कळावा असा. तो भिंतीसमोर थांबला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालला, पुन्हा मागं आला. दिल्ली दरवाजापाशी वाकून बघितलं. मुक्ताबाईचं काळीज जारांच्या नळासारखं टपटपायला लागलं. म्हातारा वळला, आजूबाजूला पाहिलं, आणि तीच जवळ होती म्हणून तिच्याकडं आला.

"बाई," तो म्हणाला, "हाथ धोने की जगा किधर है?"

तिनं बोट दाखवलं. म्हातारा गेला.

दुपार टळली. पंगती उठायला लागल्या. मुक्ताबाई लुगड्याचा पदर खोचून सरळ पाटलांपुढं गेली. पाटील पाहुण्यांच्या गराड्यात होते, राजकुमारच्या खांद्यावर त्यांचा हात होता.

"पाटील, शहर उलटं हाय."

"आँ?"

"ही भिंत. सगळी उलटी हाय. दिल्ली दरवाजा त्या अंगाला पायजे. तुमचं शेंद्रं बी त्याच अंगाला. टेकडीवरून बघा. डावं ते उजवं झालंय, उजवं ते डावं."

सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं. पाटलांनीही बघितलं, डोळे बारीक करून, बाजारात बैल बघतात तसं. मग म्हणाले, "मग मी काय करू? भिंत उचलून फिरवू?"

पाहुणे हसले. तिनं वाट बघितली होती ते हसू तिच्या वाट्याला आलं.

"आणि तू तर पंधरा दिवस इथंच व्हतीस ना, बाई? झोपली व्हतीस काय?"

पाटलांनी हात झाडला. "दिसतंय झकास. सरळ काय अन् उलटं काय. राजकुमार, चल, ह्या पाव्हण्यांना भेटवतो तुला, त्यांचं हॉटेल हाय वाळूजला." राजकुमार गेला, पण जाताना एकदा वळून त्यानं तिच्याकडं पाहिलं. तोंडावरचं हसू तसंच होतं, डोळे मात्र भिंतीवर जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात गेली तेव्हा आठही कागद मोठ्या टेबलावर पसरलेले होते. राजकुमार एकावर बोट फिरवत होता, आधी या बाजूनं, मग त्या बाजूनं.

"मागून टोचायचीस तू," तो वर न बघता म्हणाला.

"इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"पयल्या दिवशी दिसलं तुला."

"दिसलं."

"अन् बोलली नायस. पंधरा दिवस. सोत्ताच्या हातानं भरत बसलीस." त्याचा आवाज चढला. "काकाची भिंत व्हती ती, काकू. माझा राग व्हता तर माझ्या तोंडावर थुकायचं. त्यांच्या चित्तरावर थुकलीस."

"तू नाव टाकलंस त्याच्यावर. मी थुकले म्हणतोस?"

"मी येडा व्हतो. मला ठाव नव्हतं. तुला ठाव व्हतं."

छपाईचं यंत्र आत कुठं तरी घरघरत होतं. मग मुक्ताबाईनं कागद गोळा करायला सुरुवात केली, एकेक, कडा जुळवून. त्यानं अडवलं नाही.

"घेऊन जा," तो म्हणाला. "मला लागत नाय आता. भिंतीचा फोटू घेतलाय मी चांगला, कॅमेऱ्यानं. वाळूजच्या हॉटेलाला तोच फ्लेक्स लागणार. बजाजनगरात दोन दुकानं मागतायत. कॅलेंडरं निघणार."

"उलटंच?"

"आता तेच सरळ, काकू," राजकुमार म्हणाला. "पाचशे माणसांनी फोटू काढले त्याच्यापुढं. टेकडी चढून कोण बघणार हाय?"

आणि तो खरंच बोलला होता. महिन्याभरात ते शहर जिकडंतिकडं झालं. केशकर्तनालयात लागलं, मोबाईलच्या दुकानात लागलं, मुकुंदवाडीच्या चौकात पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकामागं लागलं. मुक्ताबाई भाजी घेऊन येताना त्या फलकापाशी थांबली. भडकलच्या कमानीखालचा अंधार तिचा होता. पत्र्यांवरच्या उन्हाच्या रेघा तिच्या होत्या. तिनं एवढं चांगलं भरलं नसतं तर त्या खोट्या शहराला कुणी भिंतीवर ठेवलंच नसतं. ती उभी राहिली, आणि तिला पहिल्यांदाच भांडायला समोर कोणी सापडेना.

तिच्या घराची एक भिंत स्टेशनाकडं जाणाऱ्या वाटेवर आहे. पंधरा फूट, त्यात तीनच कागद मावतात. तिनं लागोपाठचे तीन निवडले: दिल्ली दरवाजा, मकबरा, पाणचक्की. भिंतीला दोन हात चुना दिला. खरखरीत बाजू वर करून कागद चिकटवले, पुरचुंडी थोपटली. निशानं शिडी धरली. ठिपके उमटले. दिल्ली दरवाजा डाव्या हाताला आला. मुक्ताबाईनं आठ दिवस सकाळ-दुपार भरलं. आणि खाली कोपऱ्यात, अक्षरं आधी पेन्सिलीनं चारदा गिरवून, 'मुक्ताबाई साळवे' लिहिलं. 'ळ' थोडा कलला. तो तिनं तसाच ठेवला.

त्याच दिवशी संध्याकाळी कंपनीची पाळी सुटून माणसं स्टेशनाकडं जायला लागली. डबा हातात धरलेला एक जण भिंतीपाशी थांबला. बराच वेळ बघत राहिला. शिडीवर मुक्ताबाई पाणचक्कीची राहिलेली शेवटची कड ओढत होती, श्वास धरून.

"मावशी," तो म्हणाला, "भारी काढलंय. पण उलटं झालंय तुमचं."

तिनं कड पुरी केली. मग ब्रश डब्याच्या काठावर निपटला आणि मागं वळली.

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? शेंद्र्याच्या हॉलमधी बघा ना. चौकात फ्लेक्स लागलाय, तिथं बघा. दिल्ली गेट त्या बाजूला पायजे."

"तू शहरात जन्मलास का?"

"व्हय. कटकट गेटचा."

"मग जाऊन बघितलंस का कधी, दरवाजा कुठं हाय?"

"त्याच्यात बघायचं काय, मावशी?" तो हसला. "रोज जातो की त्याच्याखालून."

त्याच्या मागून आणखी दोघं येऊन थांबले. त्यांनीही बघितलं. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "व्हय रे, उलटंच हाय," आणि खिशातून मोबाईल काढून त्यानं ते शेंद्र्याचं चित्र तिच्यापुढं धरलं, पुरावा म्हणून. काचेच्या मागं मुक्ताबाईचं स्वतःचं काळं होतं, तिच्याच हाताची कड, केसभरही न हललेली. तिनं ते नीट बघून घेतलं.

"हे बी मीच भरलंय," ती म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. एकानं खांदे उडवले. गाडीची वेळ झाली होती, ते गेले. मुक्ताबाई शिडीवरून उतरली नाही. वाटेवर अजून माणसं येत होती, आणि आता त्यातल्या प्रत्येकाशी तिला भांडावं लागणार होतं.